बाबा पॅक करत नाहीत

पत्ते खेळताना माणसानं तोंड बंद ठेवावं, या मताची मी आहे. पानं आली, बघितली, खेळायचं तर खेळा, नाही तर खाली टाका. पण हे मत आमच्या घरात कुणाला पटवता आलं नाही, आणि सगळ्यात कमी पटलं ते बाबांना. बाबा पानांनी खेळतच नाहीत, तोंडानं खेळतात. पानं हातात धरतात ती नियम आहे म्हणून.

आमचा खेळ तीन पत्तीचा. प्रत्येकाला तीन पानं, आणि पैशांच्या जागी चिंचोके. घरात पैसा लावला तर चूल पेटणार नाही असं आईनं लग्न होऊन आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं, म्हणून चिंचोके. समोरच्यानं टाकले तितके किंवा त्याहून जास्त टाकत जायचं, ही चाल. धीर सुटला की पानं उपडी ठेवून द्यायची, तो पॅक. शेवटी दोघंच उरले की एकानं शो मागायचा, मग पानं उघडायची आणि ज्याची मोठी तो जिंकला. शो झालाच नाही तर कुणाची पानं कुणी बघायची नाहीत, हा बाबांचा कायदा. लहानपणी एकदा मी तशी पडलेली पानं उलटून बघितली, तर सुट्टी संपेपर्यंत त्यांनी मला डावात घेतलं नाही. "पडलेले पत्ते पाह्यनं म्हंजे दुसऱ्याच्या घरात डोकावनं हाय," असं ते म्हणाले होते.

दुसरा कायदा त्यांनी स्वतःपुरता केला होता. बाबा पॅक करत नाहीत. हातात काही नसलं तरी शेवटपर्यंत चाल देत राहायचे, आणि हरायचं तर समोरच्यानं शो मागून हरवायचं. आपण होऊन पानं खाली टाकणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मी कितीदा म्हटलं की हा हिशेबानं मूर्खपणा आहे. त्यावर ते नुसते हसायचे आणि पुढची चाल द्यायचे.

बाबा जन्मभर बसवर कंडक्टर होते. कामरगाव हे आमचं गाव, आणि कारंजा, मंगरूळपीर, वाशीम हा त्यांचा रस्ता. बोलून बोलून भरल्या गाडीत आणखी माणसं बसवायची आणि बोलून बोलून भांडणं मिटवायची, यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि ती बोली तशीच चटईवर आली. कुणाला डावातून काढायचं असलं की म्हणायचे, "उतरा भाऊ, तुमचा ष्टॉप आला." मी चाल द्यायला हात पुढे केला की, "पोरी, समोर पूल वाहून गेला हाय. मांगून रिकामी गाडी येऊन राह्यली, तिच्यात बस." समोरच्या शिलाईच्या दुकानातले चाचा आमचे चौथे गडी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनवर कापड झाकून येऊन बसायचे. बाबांनी दोन वाक्यं बोलली की ते पॅक करायचे. "भाऊ, तुमची टिकट लय महाग हाय," म्हणायचे आणि तंबाखू मळत बसायचे.

या बोलण्याचा मला फार त्रास व्हायचा. विचार करू देत नाहीत, पानांवरची नजर हलवतात, आणि हरल्यावर वाटतं की आपण पानांनी नाही, बडबडीनं हरलो. म्हणून फ्रॉक घालायच्या वयातच मी एक नियम शोधून काढला. बाबा फुशारकी मारायला लागले की त्यांच्याकडे काही नसतं, तेव्हा शो मागायचा. बाबा रडगाणं गायला लागले, नशिबाला बोल लावायला लागले, की समजायचं पानं जबरदस्त आहेत, तेव्हा गुपचूप पॅक करायचं. हा नियम मला कधीही दगा देत नसे. पुढे मी वकील झाले, वाशीमच्या कोर्टात उभी राहायला लागले, तेव्हाही साक्षीदार फार गरीब चेहरा करून बोलायला लागला की माझे कान टवकारतात. याची शिकवणी बाबांकडेच झाली, असं मी लोकांना हसत सांगायची.

आईला मात्र नियमबियम लागत नसे. ती खेळताना गहू निवडायची. बाबांचं अर्धं बोलणं तिच्या कानावर जात नसे आणि उरलेलं अर्धं ती ऐकून सोडून द्यायची. मनात आलं की म्हणायची, "दाखवा." आणि बाबा मुकाट्यानं दाखवायचे.

आई गेल्यावर बाबा एकटे राहिले. मी एकुलती एक. सुरुवातीला सगळं बरं चाललं होतं, म्हणजे निदान फोनवर तरी. मग या थंडीत बाबा न्हाणीत पडले. शेवाळलेल्या फरशीवरून पाय घसरला आणि उजव्या हातावर सगळं अंग आलं. तसेच पडून होते. दुपारी चाचा पत्त्यांसाठी आले, दार लोटलेलंच होतं म्हणून आत शिरले, म्हणून कळलं. मनगट मोडलं होतं. ही सगळी हकीगत मला बाबांनी सांगितली नाही, चाचांनी सांगितली. बाबा म्हणाले, "थोडंसं मुरगळलं."

प्लास्टर घातल्यावर मी त्यांना म्हटलं, आता बस झालं, वाशीमला चला. आमच्याकडे एक खोली रिकामीच असते. नवऱ्यानं स्वतः फोन करून सांगितलं, या म्हणून. तिथून माझी खरी कटकट सुरू झाली.

बाबांनी एकेक कारण काढायला सुरुवात केली. म्हणाले, वाशीमचं पानी मले मानवत नाई. मी म्हटलं, तीस वर्षं तुमी वाशीमच्या ष्टँडवरचं पानी पेलं, तवा कसं मानवलं? म्हणाले, घर कोन पाहीन? मी म्हटलं, चाचा समोर हायेत. म्हणाले, तुया घरी पक्षकार येतात, मी मधात कायले? मी म्हटलं, पक्षकार ऑफिसात येतात, घरी येत नाईत. म्हणाले, मले जिना चढवत नाई. आमचं घर तळमजल्यावर आहे. प्रत्येक कारण मी खोडून काढायची आणि बाबा दुसरं काढायचे. कोर्टात एवढं खोडलं असतं तर निकाल लागला असता. इथे निकाल देणारेही तेच आणि आरोपीही तेच.

खरं कारण मला माहीत होतं, पण बाबा ते तोंडानं उच्चारत नव्हते. लेकीच्या घरी बाप राहत नाही. आमच्याकडे जुन्या लोकांत तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. बाबा या सगळ्याला हसायचे, गावात कुणी तसं वागलं की त्याची टर उडवायचे. पण स्वतः वाशीमला आले की दिवस मावळायच्या आत परत निघायचे. जेवायचे पोटभर, पण प्रत्येक वेळी येताना पिशवीत तुरीची डाळ घेऊन यायचे. शेतातली आहे, चव बघ, म्हणायचे. आम्हाला शेतच नाही. डाळ ते कारंज्याच्या बाजारातून विकत घ्यायचे आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. डब्यावर डबे भरले डाळीचे. मी चिडून म्हणायची, बाबा, मी काय खानावळ चालवते? तर म्हणायचे, "ठेव नं, डाळ खराब होते का?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी दोन रविवार कामरगावला जाऊन डोकं फोडून आले. दुसऱ्या रविवारी माझा आवाज इतका चढला की चाचा दुकानातून उठून आले. मी दमून चटईवर बसले होते. बाबा खाटेवर, प्लास्टरचा हात मांडीवर.

तेव्हा बाबाच म्हणाले, "असं कर. एक डाव मांड. हरलो तर येतो तुयासंग. जिंकलो तर पुन्हा हे बोलनं काढायचं नाई."

माझं डोकंच फिरलं. माणूस न्हाणीत मरता मरता वाचला आणि याला पत्ते सुचतात. मी म्हटलं, "बाबा, हे काय खेळन्यावारी न्यायचं हाय का?"

"चाचा, पिसा पत्ते," बाबा म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि कोनाड्यातून पत्त्यांचा कॅट आणि चिंचोक्यांचा डबा काढला. मी विचार केला, ठीक आहे. नाही तरी बोलून काही होत नाही. आणि खोटं कशाला सांगू, बाबांना मी ओळखून आहे अशी माझी खात्री होती.

चाचांनी पानं वाटली. बाबांना एका हातानं पानं धरता येईनात. त्यांनी ती चटईवर ठेवून डाव्या हातानं कोपरे उचलून बघितले आणि पुन्हा खाली ठेवली. चाचांनी एक चाल दिली आणि पॅक केलं. मग आम्ही दोघंच. माझ्याकडे दश्शीची जोडी होती. दोघांच्या डावात ही वाईट पानं नव्हेत.

मी चाल दिली. बाबांनीही दिली, आणि बोलायला लागले. "पत्ते काई खास नाईत वो पोरी."

मी मनात म्हटलं, झालं सुरू.

"आता पत्तेच धरता येत नाईत तं खेळू काय," ते म्हणाले. "परवा कुकरचं झाकन लावाले गेलो. एका हातानं काई बसेना. मांडीत धरलं, तरी बसेना. मंग तसाच ठेवला आनि मुरमुरे खाल्ले."

मी चाल दिली. बाबांनी वाढवून दिली. "रात्री मोठं दार लावतो तं कडी लागत नाई नीट. खुर्ची लावून ठेवतो. झोप लागते म्हनतं? कुत्रं भुंकलं तरी उठून बसतो. मले भेव लागते आताशा."

बाबांना आणि भीती. रात्रीच्या शेवटच्या गाडीला दारू पिऊन चढलेल्यांना कॉलर धरून खाली उतरवणारे बाबा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेहरा अगदी गरीब. डोळे खाली, पानांवर. आयुष्यभर बघत आलेला चेहरा होता तो, आणि असा चेहरा झाला की पुढे काय निघतं ते मला पाठ होतं. राजांची तिकडी नाही तर एकाच रंगाची तीन.

"माग नं शो," बाबा म्हणाले. "मी काई दमदार नाई. माग."

हे तर फारच झालं. शो माग म्हणतात म्हणजे मी मागावा अशीच त्यांची इच्छा आहे, म्हणजे पानं नक्की मोठी आहेत. एवढं साधं मला कळत नाही असं त्यांना वाटतं का? मला इतका राग आला की कान तापले. मी रडकुंडीला येऊन त्यांना न्यायला आलेय आणि हे माझ्यापुढे माझ्याच काळजीचं नाटक करताहेत, तेही एक डाव मारायला. कुकर काय, कडी काय. मी हिशेब केला. शो मागून हरायचं आणि वर हे हसणार, त्यापेक्षा हे हसू तरी बघायला नको. मी दश्शीची जोडी उपडी खाली ठेवली.

"पॅक," मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली. एरवी जिंकल्यावर अर्धा तास गाडी थांबत नसे, पण त्या दिवशी अवाक्षर नाही. मधले चिंचोकेही त्यांनी ओढून घेतले नाहीत. चाचा म्हणाले, "जीत गये भाऊ." बाबा उठले आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेले, हात धुण्यासारखं काही झालेलं नसताना.

मी त्यांचा कायदा मोडला. चटईवर पडलेली त्यांची पानं उचलली आणि बघितली. दुर्री, पंजी, अठ्ठी. तीन वेगवेगळ्या रंगांची. यापेक्षा खराब पानं वाटायची म्हटली तरी कठीण.

चाचा म्हणाले, "बेटा, ठेवून दे."

मी ठेवली. पण आता मी नुसती पेटलेच. म्हणजे म्हाताऱ्यानं माझा नियम ओळखला होता. इतकी वर्षं माहीत असून गप्प राहिला आणि नेमका या डावाला उलटा वापरला. हातात काही नसताना रडून दाखवलं, कारण पोरगी रडण्याला घाबरून पॅक करणार हे त्याला पक्कं माहीत. मी पर्स उचलली, बाबा अंगणातून आत यायच्या आधी "येते" एवढंच ओरडले आणि स्टँडवर जाऊन पहिल्या मिळाल्या जीपमध्ये बसले. कारंज्याला बस धरली, मंगरूळपीर गेलं, वाशीम आलं, तोवर माझ्या मनात तेच चाललं होतं. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तोही म्हणाला, तुझे बाबा म्हणजे कमाल आहे. आम्ही दोघंही हसलो. मी हसत होते खरी, पण आतून चरफडत होते.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. एका पक्षकाराचा फोन आला होता. तो ठेवायला तयार नव्हता आणि फोन खांद्यावर नीट राहत नव्हता, म्हणून डाव्या हातात धरलेला. उजव्या हातानं कुकरचं झाकण बसवायला गेले. झाकण तिरकं आत गेलं, पण वर ओढून बसेना. एका हातानं कुकर फिरतो, झाकणही फिरतं. ओट्याच्या भिंतीला टेकवून दाबलं, तरी बसेना. पक्षकार तारखेविषयी काहीतरी बोलत होता. मी त्याला नंतर करते म्हटलं, फोन बंद केला आणि ते झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले.

बाबांनी मांडीत धरून बघितलं होतं. आणि मग मुरमुरे खाल्ले होते.

हे कुणी डाव मारायला रचून सांगत नाही. रचलेली गोष्ट मोठी असते, मी रोज ऐकते तसल्या गोष्टी. त्यात मुरमुरे नसतात. मग मला एकेक आठवायला लागलं. डाव मांड, असं बाबाच म्हणाले होते, मी नाही. हरलो तर येतो, हेही त्यांनीच घातलं होतं. स्वतःहून लेकीच्या घरी कसं जायचं? पण डावात हरलेला माणूस जाऊ शकतो. त्याला कोण काय म्हणणार? पानं अशी आली होती की कुणीही हरवावं. पॅक करणं त्यांच्यानं होत नाही, आणि मीही ते करायचं नव्हतं. मी फक्त शो मागायचा होता. दोन दोनदा म्हणाले, माग. आणि मी, कोर्टात माणसं ओळखते म्हणून मिरवणारी, जिंकायची पानं हातात असून ती खाली ठेवून निघून आले.

मला रडू आलं ते रागाचं होतं. स्वतःचा राग होताच, पण बाबांचाही होता, जास्तच होता. सरळ एक वाक्य बोलायला काय झालं होतं? पोरी, मला घेऊन चल. एवढंच. भरल्या गाडीत दिवसभर ओरडणाऱ्या माणसाला चार शब्द जड होतात आणि ते त्यानं पत्त्यांच्या आड ठेवायचे, आणि आम्ही ते ओळखले नाहीत तर तसंच राहायचं, खुर्ची दाराला लावून.

मी लगेच फोन लावला. "बाबा, मी उद्या येते न्यायले. तुमी चला."

"कायले? मी जिंकलो नं."

"असू द्या जिंकले तं."

"असं कसं? डाव झाला हाय. चाचाच्या समोर झाला. आता बोलनं काढायचं नाई, असं ठरलं होतं."

"बाबा, कुकरचं झाकन कोन लावून राह्यलं?"

बाबा म्हणाले, "मुरमुरे संपले नाईत अजून," आणि फोन ठेवून दिला.

बघा आता. जिंकून बसले होते आणि जिंकणं सोडता येत नव्हतं. चाचांकडून कळलं की गल्लीत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलंय, पोरीला डावात हरवलं म्हणून. चाचा रोज दोन्ही वेळचा डबा द्यायला लागले होते. बाबा तो घेताना कटकट करायचे आणि त्यांच्या पोराबाळांसाठी केळी पाठवायचे. बोलण्यात कोण कुणाला हरवतंय हेच मला कळेनासं झालं होतं. मी आठवडाभर प्रत्येकावर खेकसत होते. कोर्टातल्या कारकुनावर, नवऱ्यावर, रिक्षावाल्यावर.

रविवारी मी गेले. बाबा खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. मी कोनाड्यातला डबा काढला, चटई झटकून घातली.

"काय करून राह्यली?"

"मांगचा डाव मी खेळलीच नाई. पॅक केला. आज शो होईन."

"तो डाव झाला पोरी."

"झाला तं झाला. हा दुसरा हाय. मी हरली तं पुन्हा तोंड उघडनार नाई."

चाचा दारात येऊन उभेच होते. कुणी सांगायची वाट न बघता ते आत आले, खाली बसले आणि पत्ते पिसून वाटून टाकले. स्वतःची पानं न बघताच पॅक केली. बाबा हळूहळू खाटेवरून उतरले आणि चटईवर बसले. त्यांची तीन पानं समोर उपडी पडली होती.

"आज पत्ते एकदम बेकार हायेत," बाबा म्हणाले.

पानांना त्यांनी हातही लावला नव्हता.

चाचा म्हणाले, "भाऊ, पहले देख तो लो."

"पाह्यचं काय त्याच्यात. माहीत हाय मले," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं नुसती हलवत होते.

मी माझी पानं बघितली. चौव्वी, सत्ती, गुलाम. काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांच्या बोलण्याचा अर्थ लावला नाही, उलटा नाही की सुलटा नाही. जे म्हणाले ते तसंच घेतलं.

"शो," मी म्हटलं.

बाबांनी डाव्या हातानं ती तीन पानं तशीच उपडी माझ्याकडे सरकवली. मी उचलून बघितली. दोन राण्या आणि एक तिर्री. राणीची जोडी. मी त्यांची तिन्ही आणि माझी तिन्ही पानं एकत्र केली, कॅटमध्ये मध्येच खुपसली आणि कॅट पिसून टाकला.

"हरले तुमी," मी म्हटलं.

एकेका डावासाठी भांडणारे, शो झाला की पानं चष्म्याजवळ नेऊन तपासणारे बाबा. ते म्हणाले, "पाह्यले नीट तू?"

"पाह्यले."

"चाचा, ऐकलं नं?"

"हार गये भाऊ," चाचा म्हणाले. "चांगलेच हारले."

"मंग आता इलाज नाई," बाबा म्हणाले आणि चाचांचा हात धरून उठले. "गॅसचं बटन बंद कर. अन् मागचं दार पाहून घे, त्याची कडी वरून लागते."

मी आवराआवर करेपर्यंत ते समोरच्या ओट्यावर जाऊन बसले होते. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, काय करता बाप्पा, पोरीनं डाव मारला, जा लागते. बसमध्ये तेच. कंडक्टर नवा पोरगा होता, त्याला बाबांनी आपली ओळख दिली आणि तीन पत्तीत वकिलाशी खेळू नये असा सल्ला दिला. आजूबाजूचे हसत होते. माझ्या मनात येत होतं की ओरडून सांगावं, यांच्याकडे राणीची जोडी होती हो, मी चोरून हरवलंय यांना. मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन दात आवळून बसले होते. मंगरूळपीर गेल्यावर त्यांना झोप लागली. चांगली गाढ, तोंड उघडं टाकून. इतक्या खडखडाटात, दारात उभ्या लोकांच्या गर्दीत.

घरी पोचल्यावर उंबऱ्यातच नवऱ्याला म्हणाले, "हरलो म्हनून आलो बरं का जावईबापू." नवऱ्यानं त्यांना आत नेऊन बसवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन सवयीनं त्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि डाळीचा डबा खाली काढला. पिशवीत दोन धोतरं होती, औषधं होती, टॉवेल, चष्म्याचं घर आणि पत्त्यांचा कॅट. तळापर्यंत हात घातला. डाळ नव्हती.